ओकर्ट फॉस्लूला शेवटची हाक

आपण वारल्याची बातमी ओकर्ट फॉस्लूला मंगळवारी सकाळी कॉफी पिताना कळली. हातातला कडक टोस्ट त्याने कॉफीत बुडवला होता. तो तसाच विरघळून तळाशी गेला, आणि खरं सांगायचं तर त्याला बातमीपेक्षा त्या टोस्टचंच आधी वाईट वाटलं.

बातमी खोटी आहे असं एकदम म्हणायचीही सोय नव्हती. ती ज्या वेबसाइटवर होती, तिच्यावर जगभरचे हौशी रेडिओवाले स्वतःच्या कानांपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. परवाना असलेल्या प्रत्येक हॅमचं, म्हणजे अशा रेडिओवाल्याचं, तिथे एक पान असतं. वर कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर स्वतःची ओळख सांगायची अक्षरं, खाली फोटो, त्याखाली पत्ता आणि अँटेनाची उंची. बायकोचं नाव असलंच, तर ते अँटेनाच्या नंतर. ओकर्टच्या पानाला आता काळी चौकट आली होती आणि फोटोशेजारी एक मेणबत्ती तेवत होती. या मंडळींत कुणी मेलं असं म्हणत नाहीत, त्याची संदेश खटखटवायची चावी मूक झाली असं म्हणतात. ओकर्टची चावी सोमवारी संध्याकाळी मूक झाली होती, असं पानावर वेळेसकट लिहिलं होतं.

गुन्हेगार शोधायला लांब जायला नको होतं. फॉर्म ओकर्टनेच भरला होता.

तो भरला होता हेस्टरसाठी. हेस्टर त्याची बायको, मार्चमध्ये गेली. ती नुसती हॅमची बायको नव्हती, स्वतः हॅम होती. एकतीस वर्षांचा परवाना, स्वतःचं कॉलसाइन आणि त्याच वेबसाइटवर स्वतःचं पान. अप्पर कारू रेडिओ क्लबच्या रविवारच्या बातम्या तिने सलग बावीस वर्षं वाचल्या. ती गेल्यावर कुणी कळवलंच नाही म्हणून तिच्या पानावरचा हिरवा ठिपका तसाच राहिला, ‘सक्रिय’. जूनमध्ये तिला वाढदिवसाच्या एक्केचाळीस शुभेच्छा आल्या. फिनलंडच्या एका गृहस्थाने संपर्काची पोच पाठवा म्हणून तीनदा आठवण केली, तिसऱ्यांदा जरा घुश्शातच.

ओकर्ट रोज सकाळी तो हिरवा ठिपका बघायचा, आज हे काम उरकून टाकू असं ठरवायचा आणि अँटेनाची तार तपासायला अंगणात जायचा. पाच महिन्यांत कारूच्या अख्ख्या माळरानात इतकी तपासलेली तार दुसरी नसेल. शेवटी सोमवारी तो बसला. खिडकीबाहेर बघत, फॉर्म न वाचता, जिथे म्हणून बटण दिसलं तिथे दाबत सुटला. फॉर्मने वरच्या रकान्यात त्याचंच कॉलसाइन आपणहून भरून ठेवलं होतं. माणूस स्वतः आलाय म्हणजे काम स्वतःचंच असणार, असा मशीनचा सरळ हिशेब. कळवणाऱ्याचं मृताशी नातं, पती किंवा पत्नी. साइटने आभार मानले आणि हेस्टर हिरवी राहून ओकर्ट वारला.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ही गंमत झाली असती. ओकर्टचं तसं नव्हतं. तो रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला, डी आरसारख्या गावात एकटा राहणारा माणूस. आठवडाभरात त्याचं बोलणं म्हणजे दुकानात ‘ब्राउन ब्रेड आहे का’ आणि ‘बरं, मग पांढरा द्या’. घरचा फोन दोन वर्षांपूर्वी चोरांनी गावाबाहेरची तांब्याची तार कापून नेली तेव्हाच संपला. मोबाइल हे हेस्टरचं खातं होतं, तो ड्रॉवरमध्ये बंद पडून होता. इंटरनेट तेवढं छपरावरच्या डिशमधून यायचं, पण त्यावर तो नुसता वाचायचा. उरली ती रविवारची आठची रेडिओवरची बैठक. त्रेचाळीस वर्षं तो तिथे एकाच कॉलसाइनने बोलत आला होता. ते गेलं की त्याचं तोंडच गेलं, हे त्याला त्या मेणबत्तीकडे बघताना नीट कळलं आणि घाबरायला झालं.

तरीही त्याने आधी शोकसंदेश वाचले. कोण वाचणार नाही?

दुपारपर्यंत एकशे त्रेचाळीस झाले होते. दक्षिण गोलार्धातले सर्वोत्तम कान हरपले, असं स्काल्कने लिहिलं होतं. या स्काल्कने २००९ पासून एका टेकडीवरच्या अँटेनावरून ओकर्टशी अबोला धरला होता. अबोला धरणं त्याला जड गेलं नसावं, कारण गेली सहा वर्षं तो कुणाशीच बोलत नाही. त्याचा संगणक दुसऱ्याच्या संगणकाला सूर पाठवतो, तिकडचा संगणक सूर परत पाठवतो, आणि स्काल्क मेंढ्यांना पाणी पाजून येईपर्यंत ब्राझीलशी त्याचा संपर्क झालेला असतो. अशा रीतीने त्याने एकही शब्द न उच्चारता दोनशे ऐंशी देश जोडले आहेत, हॅमच्या मोजणीने, ज्यात एकेक बेटही वेगळा देश धरतात. तिघांनी लिहिलं होतं की अंटार्क्टिकात एकटे असताना ओकर्टच्या आवाजाने आपल्याला जगवलं. ओकर्टने नोंदवही उघडून पाहिली. त्याने तिघांनाही कधी ऐकलेलं नव्हतं.

क्लबवाल्यांना हेस्टर गेल्याचं माहीत होतं, म्हणून त्यांचा सूर वेगळाच. पाच महिन्यांत तिच्यामागोमाग गेला, याला म्हणतात प्रेम. हे वाचून ओकर्ट खरोखर चिडला. पाच महिने तो डब्यातले घेवडे गरम करून, मोजे स्वतः धुऊन, नेटाने जगला होता, आणि या लोकांनी त्याचं सगळं श्रेय एका ओळीत काढून घेतलं. परदेशातल्यांना मात्र हेस्टरचं माहीत नव्हतं, त्यांनी तिलाच धीर दिला होता. ‘प्रिय हेस्टर, खचू नका.’ म्हणजे निम्मे लोक जिचं सांत्वन करत होते, तिला उरलेले निम्मे आधीच पोचवून आले होते. दोन्ही संदेश एकाच पानावर, एकाखाली एक. कुणी दुसऱ्याचा वाचला असेल तर शपथ.

एक गोष्ट मात्र त्याने दोनदा वाचली. प्रत्येक दुसऱ्या माणसाने, निमित्त ओकर्टचं असूनही, हेस्टरच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं. रविवारी सकाळचा तो आवाज. बातम्या संपल्यावर प्रत्येकाला नावाने विचारणारी ती. पोर्ट नोलथच्या एका खलाशाने लिहिलं होतं की ती बोलायची तेव्हा आपण इंजीन बंद करायचो. ओकर्टसाठी कुणी काहीच बंद केलं नव्हतं.

त्याने वेबसाइटला तक्रार लिहिली की मी जिवंत आहे. उत्तर एका मिनिटात आलं. मृत व्यक्तीच्या खात्यावरून आलेल्या विनंत्यांचा विचार केला जात नाही, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खाली बारीक अक्षरांत दुरुस्तीची रीत होती. आधी क्लबच्या एखाद्या पदाधिकाऱ्याने सदस्य हयात असल्याचं प्रमाणित करावं. मग ज्याने निधन कळवलं त्यानेच पुन्हा फॉर्म उघडून योग्य व्यक्तीचं कॉलसाइन भरावं. निधनाची नोंद तिकडे हलवली जाईल.

म्हणजे त्याला परत यायचं असेल तर तिला तिथे पाठवायचं. ओकर्टने संगणक बंद केला आणि तो तार तपासायला गेला.

रविवारी आठला तो नेहमीसारखा सेटसमोर बसला. वेबसाइट मरो, माणसं तर आपल्याला ओळखतात, असा त्याचा विचार. बैठक चालवत होता क्लबचा अध्यक्ष वेनांट, ब्रिट्सटाउनजवळचा मेंढपाळ शेतकरी, तीस वर्षांचा दोस्त. ओकर्टने आपलं कॉलसाइन दिलं. पलीकडे काही क्षण नुसती खरखर.

मग वेनांट जड आवाजात म्हणाला, “गेलेल्या माणसाचं कॉलसाइन वापरताना जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. मंडळी, कुणी उत्तर देऊ नका.”

चोरून बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, हा हॅम लोकांचा पहिला नियम. दुर्लक्ष केलं की तो कंटाळून जातो. ओकर्टने परत हाक दिली, नाव सांगितलं, वेनांटच्या कुत्र्याचं नाव सांगितलं. बोलता बोलता त्याला खोकला आला. त्यावर कोल्सबर्गचा कुणीतरी म्हणाला की बदमाशाने खोकलासुद्धा हुबेहूब उचललाय. दुसरा म्हणाला, माझ्याकडे तो चोर एकदम पाच-नऊ येतोय. पाच-नऊ म्हणजे सर्वोत्तम सिग्नल. हॅम माणूस समोरच्याला पाच-नऊ दिल्याशिवाय राहू शकत नाही. ऐकू काही आलेलं नसलं तरी तो आधी पाच-नऊ देतो आणि मग नाव विचारतो.

ओकर्टने संगणकावर अपिंग्टनजवळच्या एका शेतातला रिसीव्हर लावला. असे रिसीव्हर लोकांनी जगभर इंटरनेटला जोडून ठेवलेत, कुणीही कुठेही बसून त्यांतून ऐकावं. आपण बोललेलं एका सेकंदाने तिकडून परत येतं. त्याने स्वतःचं ‘अरे मी ओकर्ट बोलतोय’ ऐकलं. आवाज खोल आणि थकलेला होता. आपण असतो तर आपलाही विश्वास बसला नसता, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं.

मग मंडळींना चेव चढला. चोर पकडण्याचं साधन हाताशी होतंच. चार गावांतल्या त्या रिसीव्हरांवर एकच आवाज किती अंतराने पोचतो यावरून बोलणारा कुठे बसलाय हे एक वेबसाइट नकाशावर काढून देते. खुर्चीतून उठावं लागत नाही, म्हणून हॅम मंडळींना हा शिकारीचा प्रकार फार आवडतो. वीस मिनिटांत त्यांनी लाल ठिपक्यांचं वर्तुळ काढलं. वर्तुळ डी आरवर पडलं. आणखी वीस मिनिटांत ते ओकर्टच्याच गल्लीवर आलं. एवढा पुरावा मिळाल्यावर कुणाच्याही डोक्यात उजेड पडला असता. यांच्या डोक्यात असा पडला की चोर मयताच्या घरात घुसलाय आणि त्याचाच सेट वापरतोय.

ओकर्टने माइक खाली ठेवला आणि चहाला आधण ठेवलं. आता कुणीतरी येणार, हे नक्की होतं.

साडेदहाला वेनांटचा पिकअप दारात थांबला. मागोमाग छोट्या गाडीतून थांडेका आली. ती हॅनोव्हरच्या शाळेत विज्ञान शिकवायची, तीन वर्षांपूर्वी परवाना काढलेला, आणि क्लबची वेबसाइट तीच सांभाळायची. वेनांटच्या एका हातात मेंढ्या हाकायची काठी होती आणि दुसऱ्या हातात दिशा दाखवणारी छोटी अँटेना. ओकर्ट दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याने नमस्कार केला. वेनांटने त्याच्याकडे पाहिलं, मग अँटेनाच्या काट्याकडे पाहिलं, अँटेना एकदा कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळवून बघितली आणि परत ओकर्टवर आणली.

“काटा तूच आहेस म्हणतोय,” वेनांट म्हणाला.

“काट्याचे उपकार झाले,” ओकर्ट म्हणाला. “आता आत ये, ती काठी बाहेर ठेव.”

थांडेकाने त्याला मिठी मारली. वडीलधाऱ्यांना तिकडे ऊम आणि टानी म्हणतात, म्हणजे काका आणि काकू. डोळे पुसत ती म्हणाली, “ऊम ओकर्ट, मी तुमच्यासाठी मिल्क टार्ट केली होती. म्हणजे तुमच्या... जाऊ द्या. खाऊन घ्या.”

आपल्याच दुखवट्याची टार्ट ओकर्टने दोन तुकडे खाल्ली. चांगली झाली होती. खाता खाता त्याने फॉर्मची हकीकत सांगितली, आणि वेनांटने ती ऐकून मान खाली घातली. तुम्ही एकदा येऊन का पाहिलं नाही, असं थांडेकाने वेनांटला विचारलं. वेनांट म्हणाला की साइटवर वेळेसकट दिलं होतं, मग येऊन काय बघायचं. मग तो जरा वेळ टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, एक अडचण आहे.

अडचण अशी की येत्या शनिवारी ओकर्टच्या स्मरणार्थ रेडिओवर कार्यक्रम होता. खास कॉलसाइन मंजूर झालं होतं. वेबसाइटवर उलटं मोजणारं घड्याळ लागलं होतं. दोनशे सत्तर स्टेशनांनी नाव नोंदवलं होतं, त्यातलं एक सेंट हेलेना बेटावरचं, आणि सेंट हेलेना सहजासहजी मिळत नाही. जो कुणी भाग घेईल त्याला ओकर्टचा फोटो असलेलं प्रमाणपत्र मिळणार होतं, घरच्या घरी छापून घ्यायचं. सकाळी आठला शेवटची हाक, म्हणजे गेलेल्याचं कॉलसाइन तीनदा पुकारायचं, प्रत्येक वेळी थांबायचं, उत्तर येत नाही हे सगळ्यांनी मिळून ऐकायचं आणि मग ते नाव मिटवायचं.

वेनांट अजिजीने म्हणाला, “एवढा शनिवार जाऊ दे, ओकर्ट. दुपारी बारापर्यंत गप्प बस. बारानंतर तू खुशाल जिवंत हो, मी स्वतः सही करतो.”

“लाज वाटते का काही?” थांडेका म्हणाली.

“सेंट हेलेना आहे गं,” वेनांट म्हणाला.

थांडेकाने आपला लॅपटॉप काढला आणि दुरुस्तीचं पान उघडलं. दोन मिनिटांचं काम आहे, इथे वेनांटकाकांनी सही करायची आणि इथे तुम्ही टानी हेस्टरचं कॉलसाइन टाकायचं, असं सांगून तिने लॅपटॉप ओकर्टसमोर सरकवला. वेनांटने नाइलाजाने सही केली. रिकामा रकाना ओकर्टसमोर लुकलुकत राहिला. त्याने लॅपटॉप बंद करून तिच्याकडे परत ढकलला.

“शनिवारी गप्प बसतो मी,” तो म्हणाला.

वेनांट इतका खूश झाला की त्याने तिसरा तुकडा घेतला. थांडेकाचं मात्र ओकर्टच्या तोंडाकडे लक्ष होतं. ती हळूच म्हणाली, “ऊम, हे सेंट हेलेनासाठी नाहीये ना?”

“एकदा केलं मी ते,” ओकर्ट म्हणाला. “खिडकीकडे बघत केलं. तेवढंही चुकीच्या माणसाचं झालं, तर मला बरं वाटलं, खरं सांगतो. सकाळी उठलो तर ती अजून हिरवी होती. मला नाही जमणार पुन्हा.”

मग ओकर्टने वेनांटला विचारलं की मार्चमध्ये हेस्टरला शेवटची हाक कुणी दिली. वेनांट टोपी परत फिरवायला लागला. दिली नव्हती. नियम असा की साइटवर नोंद झाल्याशिवाय हाक द्यायची नाही, नाहीतर उगाच जिवंत माणसाला पुकारलं जायचं. आज ना उद्या तू नोंद करशील म्हणून आम्ही थांबलो, आणि मग ते राहूनच गेलं. बुलेटिनमध्ये दोन ओळी मात्र आल्या होत्या. ओकर्टला त्या पाठ होत्या. ‘आपले ज्येष्ठ सदस्य ओकर्ट यांच्या पत्नीचं निधन. ओकर्ट यांनी नुकतीच नवी अँटेना उभारली आहे.’

तो रागावणार होता, पण राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. बावीस वर्षं जिने या लोकांना नावाने विचारलं, तिचं नाव त्या दोन ओळींत नव्हतं. पण पाच महिने तो स्वतः तार तपासत हिंडत होता, म्हणूनच तर तिला कुणी पुकारलं नव्हतं. त्याने तिला हिरवी ठेवली आणि त्यापायी तिला कुणी निरोपही दिला नाही. तो आठवडा ओकर्टला फार वाईट गेला.

शनिवारी सकाळी, दक्षिण गोलार्धातल्या ऑगस्टच्या थंडीत, डी आरमध्ये नळातलं पाणी गोठलं होतं. ओकर्ट दोन स्वेटर घालून सेटसमोर बसला. बाजूला संगणकावर एका पानावर कोण कुणाला कुठून ऐकतंय याची यादी सरकत होती आणि ती सगळी त्याच्याच नावाने भरली होती. जिवंतपणी त्याचं नाव त्या यादीत वर्षातून दोनदा यायचं, त्यातलं एकदा चुकून. दुसऱ्या पानावर दुरुस्तीचा फॉर्म होता. तो त्याने का उघडून ठेवलाय हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

आठला वेनांटने सुरुवात केली. शब्द त्याने लिहून आणले होते, पण वाचताना आवाज खराच भरून आला. आपण रविवारी ज्याच्या घरी टार्ट खाल्ली त्याच्यासाठी रडायला एक वेगळीच ताकद लागते, आणि ती वेनांटकडे होती. त्याने ओकर्टचं कॉलसाइन एकेक अक्षर सुटं करून पुकारलं आणि तो थांबला.

दोनशे सत्तर स्टेशनं गप्प होती. त्रेचाळीस वर्षांत त्या लहरीवर ओकर्टला बोलायला एवढी मोकळी जागा कुणी कधी दिली नव्हती. दर वेळी कुणीतरी मध्ये तोंड घालायचंच.

दुसरी हाक. पुन्हा खरखर. ओकर्टचा हात माइकवर गेला आणि तिथेच थांबला. वचन दिलं होतं. बारा वाजेपर्यंत गप्प बसायचं, मग सगळं होतं तसं. ती हिरवी, तो काळा, दोघंही एका साइटवर, आणि कुणाला काही करावं लागणार नाही.

तिसरी हाक झाली. वेनांट थांबला. ओकर्टने बटण दाबलं.

“आहे मी,” तो म्हणाला. “ओकर्ट बोलतोय, डी आरहून. वेनांट, तुला दिलेला शब्द मोडतोय, माफ कर. बाकीच्यांनी प्रमाणपत्रं छापून घ्या, माझी हरकत नाही. फॉर्म मीच चुकीचा भरला. जी गेली ती हेस्टर. मार्चमध्ये गेली आणि मी कुणाला कळवलं नाही, कारण मला ते खरं व्हायला नको होतं. तिने बावीस वर्षं तुमच्यातल्या एकेकाला पुकारलंय. आता तुम्ही तिला पुकारा. तिचं नाव घेऊन पुकारा, माझी बायको म्हणून नको.”

सवयीने कुठूनतरी एकजण ‘पाच-नऊ’ म्हणाला आणि लगेच ओशाळून गप्प झाला. वेनांटपुढे लिहिलेलं काही नव्हतं आणि त्याला न लिहिलेलं बोलायची सवय नव्हती.

मग त्याने हेस्टरचं कॉलसाइन पुकारलं. एकेक अक्षर, आणि शेवटी तिचं नाव.

ओकर्टने रिसीव्हरचा आवाज मोठा केला. त्याला स्वतःचं हसू यायला हवं होतं, पण तो खरोखर वाट बघत होता. ती नेहमी उशिराच उत्तर द्यायची. आधी शेगडी बारीक करायची, हात पुसायची, मग यायची, आणि तोपर्यंत तो इथून ओरडायचा की अगं लोक थांबलेत. दुसरी हाक झाली. दोनशे सत्तर स्टेशनं ऐकत होती. खलाशाने इंजीन बंद केलं असेल, असं ओकर्टला वाटून गेलं. तिसऱ्या हाकेनंतर वेनांटने फार वेळ जाऊ दिला, नियमापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याबद्दल ओकर्टने त्याचे बाकीचे सगळे गुन्हे मनातल्या मनात माफ केले.

उत्तर आलं नाही. वेनांटला पुढचं बोलवेना, म्हणून हॅनोव्हरहून थांडेकाने ते नाव मिटवलं.

ओकर्टने चष्मा पुसून घातला आणि फॉर्म समोर ओढला. या वेळी त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. प्रत्येक ओळ वाचली. वरच्या रकान्यात परत त्याचंच कॉलसाइन येऊन बसलं होतं. ते पुसून त्याने हेस्टरचं लिहिलं, एका बोटाने, चुकू नये म्हणून हळू. तारीख, मार्चची. नातं, पती. खाली शेवटची ओळ होती, आपली खात्री आहे का?

“नाही,” ओकर्ट त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला, आणि त्याने ‘हो’ दाबलं.